घटातलं पिवळं धान

तुमच्या देवघरातल्या घटाचं धान पिवळं, मरतुकडं उगवलं, तर तुम्ही आधी कोणाकडे बघता? खिडकीकडे, की सुनेकडे?

आमच्या घराने सुनेकडे बघितलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावला वनस्पतिशास्त्र शिकत होते. नवरात्रासाठी सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला उतरले आणि घरी पोचले, तर ओसरीवर सगळे असे बसलेले की मला वाटलं, कोणी गेलं. सातवी माळ होती. घटाखालच्या मातीत पेरलेला गहू वीतभर वाढला होता, पण रंग हळदीच्या पाण्यासारखा.

"हिना हातनं पानी पडनं, तठेच धान पिवयं पडनं," अक्का म्हणाली. अक्का म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. "पांढरा पायनी शे. दसरा व्हयना का पिंपळनेरले धाडी द्या. बलावाबिगर येवानं नही."

पिंपळनेर हे वहिनीचं माहेर. वैशाखात लग्न होऊन आलेली ती पोर मागच्या दारात तांब्या धरून उभी होती. 'बोलावल्याशिवाय यायचं नाही' याचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो. अशा बाईला कोणी बोलावत नाही. माझा भाऊ, तिचा नवरा, स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मी पत्रकांवर वाढले. नाना शिंदखेड्याच्या बाजारात अंधश्रद्धेविरुद्ध, हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटायचे आणि उरलेला गठ्ठा घरी आला की मी तो गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायची. 'शुभ-अशुभ झूट आहे' हे वाक्य मला शाळेतल्या प्रार्थनेआधी पाठ होतं. आणि तेच नाना आज मान खाली घालून बसले होते.

"नाना, बाजारात ओरडून सांगता ते घरात सांगा ना!"

"बाजारात अक्का नसते, पोरी," ते हळूच म्हणाले.

मी चप्पल काढून तडक देवघरात गेले. आत इतका अंधार की समईजवळ वाकावं लागलं. धान बघितलं आणि मला हसूच आलं. असा गहू मी रोज बघत होते. कॉलेजात आम्ही तो मुद्दाम काळ्या कापडाखाली वाढवायचो.

कारण आमचे सर ज्या विषयावर काम करत होते, तो विषयच हा होता. गव्हाच्या हिरवेपणामागे जनुकांचं एक अख्खं कुटुंब आहे. फार पूर्वी कधीतरी ते एकच जनुक असावं. पिढ्यांमागून पिढ्या नक्कल होताना त्याच्या जास्तीच्या प्रती पडल्या, प्रतींमध्ये बारीक फरक पडत गेले, आणि एकाची भावकी झाली. त्यात आपला पोळीचा गहू तीन गवतांच्या संकरातून जन्मलेला. तिघांनीही आपापली भावकी सोबत आणली. गव्हाच्या प्रत्येक पेशीत हा सगळा गोतावळा हजर असतो. पण अंधारात तो जवळजवळ गप्प असतो. पानावर उजेड पडला की ही जनुकं कामाला लागतात, हिरवा रंग धरून ठेवणारी प्रथिनं बनू लागतात आणि पान हिरवं होतं.

वहिनी माझ्या मागोमाग आत आली होती. मी हे तिला तिथेच सांगितलं. तिने डोळे पुसत विचारलं, "म्हनजे ताई, समदं घर झोपेल शे, आनि बोल मात्र माले?"

मग मी खिडकी शोधली. दरवर्षी देवघरात पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं. यंदा खिडकी दिसतच नव्हती. तिच्यापुढे वहिनीच्या लग्नात आलेलं लोखंडी कपाट उभं होतं. 'आम्ही हुंडा घेत नाही' म्हणणाऱ्या आमच्या घराने 'फक्त कपाट' मागून घेतलं होतं!

माझं डोकं फिरलं. मी ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "धान पिवळं वहिनीने नाही केलं. आपण केलं. मागितलेल्या कपाटाने केलं. ते हलवा, आणि उद्या सकाळी धान बघा."

अक्का उठून देवघराच्या दारात आडवी उभी राहिली. "घट हालाले नको!"

"घटाला मी बोटही लावत नाही. कपाट हलवू नये असं कोणत्या पोथीत लिहिलंय?"

"आनि हिरवं नही व्हयनं त?"

"तर वहिनीला पोचवायला मी जाईन. आणि झालं, तर पुन्हा पांढऱ्या पायाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

अक्का दारातून बाजूला सरकली. मी कपाटाला खांदा लावला, दुसऱ्या बाजूने वहिनीने पदर खोचून लावला. कपाट हलेना. तेवढ्यात मागून नानांचा हात आला. त्यांनी असा जोर लावला की फरशी किंचाळली. भाऊही धावला. खिडकी उघडली आणि उन्हाचा पट्टा थेट धानावर पडला.

दुपारी शेंड्यांवर पोपटी झाक आली. शेजारणी काही ना काही मागायच्या निमित्ताने डोकावून जाऊ लागल्या. संध्याकाळी रंगाबद्दल वाद सुरू झाला. आठव्या माळेच्या सकाळी वाद उरला नाही. धान हिरवंगार होतं. वहिनी देवघरातून ओरडली, "ताई, तुमना गोतावळा जागा व्हयना!" लग्नानंतर त्या घरात तिचा आवाज इतका मोठा कोणी ऐकला नव्हता.

अक्काने वाकून धानाला हात जोडले. मग म्हणाली, "देवीनंच तुले पॅसेंजरमा बसाडं."

"बसवलं असेल. पण कपाट मागायला देवीने नव्हतं सांगितलं, अक्का."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. अक्काही पदराआड हसली. दसऱ्याला पुरुषांच्या टोप्यांत धान खोवायची वेळ आली, तेव्हा तिने पहिली जुडी उपटली आणि सगळ्यांदेखत वहिनीच्या अंबाड्यात खोवली. पिंपळनेरला वहिनी गेली ती दिवाळीला, भाऊबीजेसाठी, आणि भाऊ तिला घ्यायला स्वतः गेला.

ती बाई कोणाच्या कृपेने त्या घरात राहिली नाही. ती निर्दोष होती म्हणून राहिली, आणि ते एका दिवसात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं. हा विजय मी आजही मिरवते.

आता तुम्हाला एकच मागणं आहे. येत्या नवरात्रात दोन वाट्यांत मूठमूठ गहू पेरा. एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी डब्याखाली झाका. सातव्या माळेला दोन्ही वाट्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे शेजारी शेजारी मांडा, आणि झाकलेली वाटी उन्हात ठेवायचं काम त्यांच्याच हातून करून घ्या.