पट्टी बुडवून बघत जावा

लग्नाला आठ महिने झाले होते, तेव्हा माझ्या अंडात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन करून ते अंड काढलं. मग कोल्हापुरात शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं. "आता मुंबईला जाऊन औषधं घ्यायची. जगाल. पण त्या औषधांनंतर मूलबाळ होईल असं धरून चालू नका."

मी खाली मान घालून फरशी बघत बसलो. बायको मात्र शेतकऱ्याची लेक, तिच्या तोंडाला कोण हात लावणार? ती म्हणाली, "डॉक्टर, ह्यनी रोज कॅनमधल्या कांड्यांनी म्हशी भरवत्यात. रेड्याचं गोठवून ऱ्हातंय, मग माणसाचं का ऱ्हाईना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसले नाहीत. "राहतं की," म्हणाले, आणि मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली.

तर माझा धंदा हा. उचगावच्या बाजूला दूध संस्थेसाठी घरोघर जाऊन म्हशींना कृत्रिम रेतन करायचं. रेड्याचं वीर्य बारीक नळ्यांत, म्हणजे कांड्यांत भरून पातळ नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून ठेवतात. तो गॅस उडत राहतो. म्हणून दर आठवड्याला काळी पट्टी आत बुडवायची आणि बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं दव चढेल, तिथवर गॅस शिल्लक. कमी दिसला की भरून आणायचा. विसरलात तर सगळं मेलं.

मुंबईत औषधं सुरू व्हायच्या आधी दोनदा त्या प्रयोगशाळेत गेलो. बंद खोलीतली लाज काय सांगायची, ज्याची त्याला कळते. पण तिथल्या माणसानं माझ्या कांड्या कॅनमध्ये सोडल्या आणि मी पहिलं विचारलं, "पट्टी कधी बुडवता?" कॅन थेट माझ्या कॅनसारखी.

आणि माझ्या कॅनचं काय झालं होतं, ते मलाच ठाऊक. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात मी पट्टी बुडवलीच नव्हती. कंटाळा, दुसरं काय! कॅन कोरडी पडली. संस्थेला कळू नये म्हणून गुपचूप गॅस भरून आणला आणि त्याच मेलेल्या कांड्या वापरून संपवल्या. एका म्हातारीची एकुलती म्हैस तीनदा भरवून गाभण राहीना. "वांझ हाय आज्जी, इकून टाका," असं मीच तोंड वर करून सांगितलं. तिनं रडत विकली.

आता माझं लेकरू एका परक्या माणसाच्या हातात होतं. आणि तो माझ्यासारखाच निघाला तर? औषधांनी डोक्यावरचे केस गेले, भाकरीचा वास सोसेना, पण महिन्याला एक कार्ड मी त्याला टाकत राहिलो. 'स. न. वि. वि. पट्टी बुडवून बघत जावा.' बायको म्हणायची, "येडं हाय माझं." म्हातारीचं तिला ठाऊकच नव्हतं.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी, आता मुलाचं बघा, असा होकार दिला. प्रयोगशाळेतला तो माणूस मला बघून म्हणाला, "कार्डवाले कोल्हापूरकर ना?" आणि पट्टी सरळ माझ्याच हातात दिली. मी ती बुडवली, बाहेर काढून हलवली. वीतभर पांढरं चढलं. बायकोसमोर, त्या माणसासमोर, मी ढसाढसा रडलो.

दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले, आणि मुलगी झाली.

सव्वा महिना झाल्यावर पोरगी, बायको आणि पेढे घेऊन मी म्हातारीच्या दारात गेलो. काय केलं होतं ते सगळं सांगून टाकलं. बायकोही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

म्हातारी शेजाऱ्याच्या म्हशींचं शेण सावडत होती. "म्हाईत हाय मला," म्हणाली. "दोनदा व्याल्याली म्हस माझी, घेणाऱ्याच्या दारात लगीच गाभण ऱ्हायली. ती वांझ कशी हुईल?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुझ्या दारात येऊन भांडणारच हुतो की. तवर तुझं दुखणं कळलं. मग कुठल्या तोंडानं बोलू रं भाड्या?"

पेढ्यांना तिनं हात लावला नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "पोरगी दे हिकडं."