ड्रायव्हर मिसिंग

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलोय. पिंपळ, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, माझा विश्वास मल्टिमीटरवर. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

उमरग्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं दुकान आहे. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला टायरवाला. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक साठीच्या बाई रिक्षातून जुना सीपीयू घेऊन उतरल्या. नाव जैनब. रिक्षावाला खाला, म्हणजे मावशी, म्हणत होता, म्हणून मीही खालाच म्हणालो.

"बेटा, ह्यात आमच्या ह्यांचा आवाज हाय. डबा चालू होतोय, पन बोलंना."

त्यांच्या मुलीनं, नसीमनं, शिकत असताना हेडफोनच्या माईकवर वडिलांचा आवाज रेकॉर्ड केला होता. ती विचारते, "अब्बा, कब आते?" आणि ते म्हणतात, "देखेंगे." बास, इतकंच. नसीम आता लग्न होऊन बिदरला असते.

"चेहरा याद हाय, फोटू हाय," खाला म्हणाल्या. "आवाज मातर निसटायलाय. आठवाय गेलं की दुसऱ्याच कुनाचा येतोय."

यावर "भंगारात घाला" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मशीनवर विंडोज एक्सपी. त्याचा सपोर्ट बंद होऊन जमाना झाला. कुणीतरी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला होता, त्यात साऊंडचा ड्रायव्हर उडाला. म्हणजे साऊंड कार्ड कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. फाईल डी ड्राइव्हला होती म्हणून वाचली. माझ्या लॅपटॉपवर टाकून बघितली तर नुसती खरखर! खालांच्या त्या जुन्या मशीनवर कदाचित वाजेल, ही वेडी आशा. पण ड्रायव्हरची सीडी हरवलेली आणि कार्ड बनवणारी कंपनीही बंद. नेटवरून कुठले कुठले नऊ ड्रायव्हर आणून टाकले. स्क्रीनवरचं, ड्रायव्हर नाही असं सांगणारं पिवळं प्रश्नचिन्ह काही हलेना. खाला रोज दुपारी येऊन स्टुलावर बसायच्या.

चौथ्या दिवशी मी वैतागलो. "खाला, मशीन ठीक आहे, कार्ड ठीक आहे... फक्त ड्रायव्हर मिसिंग दाखवतंय."

त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या डब्यालाबी म्हाईत हाय व्हय?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक ट्रकवर ड्रायव्हर. अकरा वर्षांपूर्वी तूरडाळ भरून हैदराबादला निघाले ते निघालेच. ट्रक वाटेत एका धाब्यावर सापडला – डाळ तशीच, चावी तशीच. माणूस नाही. गेले म्हणावं तर मय्यत नाही, आहेत म्हणावं तर फोन नाही.

मी जीभ चावली. "तसं नाही खाला, हा ड्रायव्हर वेगळा..."

"ऱ्हाऊ दे. एकदा दाब तर खरं."

वाजणार नाही हे दाखवायलाच मी फाईलवर डबल क्लिक केलं. ठरलेला मेसेज आला – साऊंड डिव्हाइस नाही. तो बंद करायला माऊस नेला, तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"अब्बा, कब आते?" मुलीचा आवाज.

मागं ट्रकचं इंजिन उभ्या उभ्या धडधडत होतं. आणि मग एक घोगरा, दमलेला, तरी हसरा आवाज –

"आया बोल, अम्मी कू."

आईला सांग, आलो म्हणून. खाला स्टुलावरून उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जी."

नंतर वीस वेळा क्लिक केलं, काही नाही. आठवड्यानं बरोबर ड्रायव्हर मिळाला, प्रश्नचिन्ह गेलं, विंडोजची सुरुवातीची धूनसुद्धा वाजली. फाईल लावली... नुसती खरखर. नसीमला फोन केला. ती म्हणाली, "नाही भैया, अब्बा 'देखेंगे'च म्हणाले होते. यायचा दिवस ते कधी सांगायचेच नाहीत." स्पीकर कधी कधी रेडिओ पकडतो, हे मीच गिऱ्हाइकांना ऐकवत असतो. पण रेडिओवर नसीम कुठून येणार? कुणाकडं उत्तर असेल तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन.

महिन्याभरानं खाला परत आल्या. रिकाम्या हातानं.

"बेटा, परत निसटायलाय. तू ऐकलंस न्हवं? म्हनून दाखव की."

टायरवाला बघत होता. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हणालो, "आया बोल, अम्मी कू."

त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "असं न्हाई. जरा जड काढ."

आता त्या दर आठवड्याला येतात. मी म्हणतो, त्या सुधारतात, मी परत म्हणतो. पण तो आवाज माझ्याही कानातून हळूहळू चाललाय, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.