मुरू दे

आमचे अकोल्याचे मामा कुठलीही गोष्ट ताजी खाऊ देत नसत. कैरीचं लोणचं घातलं की बरणीला फडकं बांधून ती माळ्यावर जायची आणि पोळ्यापर्यंत तिला हात लावायची कुणाची बिशाद नसे. मामीला मात्र पहिल्या दिवसाचं, दाताखाली करकरणारं कच्चं लोणचंच आवडायचं. ती एखादी फोड चोरून तोंडात टाकायची आणि मामा खेकसायचे, "मुरू दे ना! ढोरावानी काहून खाऊन राहिली?" आम्ही भाचरं त्यांना पाठीमागे 'मुरूदेमामा' म्हणायचो. त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त होता.

मामा शेतकी शाळेत मास्तर होते. कलम करावं तर त्यांनीच. मोर्शीला आमच्या अंगणातलं संत्र्याचं झाड त्यांच्या हातचं. रोपाला पाणी कधी हवं, कधी नको, हे त्यांना पानाकडे पाहून कळायचं. म्हणूनच पुढचं सगळं आठवलं की माझा जास्त जळफळाट होतो. न कळणारा माणूस असता तर सोडून दिलं असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा मधू. अमरावतीला इंजिनिअर झाला आणि परदेशी गेला. तेल्हाऱ्याकडच्या घरच्या शेतातला कापूस वर्षामागून वर्ष अळीनं खाल्ला तेव्हा मामाच त्याला म्हणाले होते, "इथं काई राहिलं नाई. तू जाय." पहिल्या पगारात त्यानं मित्राबरोबर आईसाठी शाल आणि वडिलांसाठी रेड वाइनची बाटली पाठवली. ज्या घरात मोझरीच्या आश्रमाचं कॅलेंडर आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, त्या घरात वाइन! मला वाटलं, मामा ती मोरीत ओततील. पण रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की रेड वाइन जितकी जुनी तितकी चांगली, आणि पिण्याआधी तासभर उघडी ठेवावी लागते. झालं! मुरणारी वस्तू म्हटल्यावर ती दारू उरलीच नाही. बाटली बैठकीच्या शोकेसमध्ये उभी राहिली. "मधू आला का उघडू," मामांनी जाहीर केलं.

मग आल्यागेल्याला व्याख्यान सुरू झालं. ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. रोज पेपरच्या पहिल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि तिच्यात कुठल्या ना कुठल्या ओळखीच्या गावाचं नाव असायचं. खेड्यातले जुने विद्यार्थी मामांकडे यायचे, कपाशीचं काय करावं विचारायचे. मामा पेपरचं ते पान घडी करून बाजूला ठेवायचे आणि बाटलीकडे बोट दाखवायचे. "हे पाह्य. हिले घाई चालत नाई. तुमाले सारं आजच पाह्यजे." ती पोरं मान डोलावायची, चहा पिऊन निघून जायची. मला त्या बोलण्याची शिसारी यायची.

वर टिनाचं छप्पर, समोर पश्चिमेची खिडकी आणि अकोल्याचा मे महिना. शेजारचे बशीरभाई कूलर दुरुस्त करायला यायचे. एकदा वाळ्याची ताटी बदलता बदलता ते म्हणाले, "सरजी, इस बोतल को भी एक कूलर लगा दो. लू लग रही इसको." मामी पदर तोंडाला लावून हसली. मामांनी दोघांकडे असं पाहिलं की बशीरभाईंनी पान्हा उचलला आणि कामाला लागले.

मधूचं येणं पुढं पुढं जात राहिलं. सुट्टी मिळते म्हणाला की मामाच फोनवर सांगायचे, "घाई करू नको. बस्तान बसू दे." मामी बाजूला उभी असायची. तिला दोन शब्द बोलायला मिळायचे, तेही जेवला का, एवढेच. मग तिच्या पायाला सूज यायला लागली, चार पावलांवर दम लागायला लागला. डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हटलं. बशीरभाई म्हणाले, "मेटाडोर मैं लाता, अभी चलो." मामा म्हणाले, "उन्हं तर उतरू द्या. मिरग लागला का पाहू."

"मधूले बोलाव ना बाई," मामी मला म्हणाली. "एक डाव पाह्यतो त्याले." मी त्याच दिवशी फोन केला. मधूनं वडिलांना विचारलं, आणि मामांनी त्याला सांगितलं, काही नाही, उन्हाचा त्रास आहे, दिवाळीत ये. वर माझ्यावरच चिडले. "बायकायले लय घाई!" मृगाच्या आधीच मामी गेली.

मधू पोचला तो दहाव्याला. तेरवी आटोपली, पाहुणे गेले आणि त्या संध्याकाळी मामांनी बाटली खाली काढली. मला विश्वासच बसेना. बुचात स्क्रू पिळून त्यांनी ते पकडीनं ओढलं. अर्धं बूच आत चुरलं. चहाच्या गाळणीतून त्यांनी वाइन स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, ओतली आणि म्हणाले, "तासभर हवा लागू द्या." आणि आम्ही तिघं त्या गंजाभोवती बसून राहिलो. आंबलेल्या शिरक्याचा वास खोलीभर पसरला. रंग विटेसारखा झाला होता.

शेवटी मधू हळूच म्हणाला, "बाबा, हे ठेवाची नव्हतीच. तिकडच्या किराणा दुकानातली साधी बाटली होती. आनली का प्याची. मी तवाच फोनवर सांगतलं होतं तुमाले."

मामांनी ग्लास भरला आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकला. मग दुसरा भरला. मधूनं त्यांना अडवायला हात पुढं केला. मी म्हटलं, "पिऊ दे त्यांना."

पुढच्या उन्हाळ्यात मी अकोल्याला गेले तेव्हा मामा एकटेच स्वैपाकघरात कैऱ्या फोडत बसले होते. लोणचं कालवून झालं. मी फडकं शोधायला उठले तर म्हणाले, "बस." एका वाटीत चार फोडी घालून त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

"आजच खाय. तुह्या मामीले पयल्या दिवसाचंच आवडे."

म्हणजे एवढी वर्षं त्यांना ठाऊक होतं. संतापानं माझे कान तापले. मोहरी कडू होती, तेल कच्चं होतं, कैरीनं दात आंबले. मी चारही फोडी त्यांच्यासमोर बसून खाल्ल्या.