तीन गणपत आणि एक आत्या

“दिलीप, माही आजेसासू माही सवत कशी काय झाली?”

कमलकाकूंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं. शेजारी त्यांचे मिस्टर नाना, तहसीलमधून रिटायर झालेले हेडक्लार्क, चष्मा पुसत होते. पुसून पुन्हा पाहिलं. सवत तिथंच होती. नानांच्या चौकोनाला तीन बायका जोडलेल्या: काकू, नानांची आजी आणि आजीचीही आजेसासू.

नेरच्या बसस्टँडजवळ माझं कम्प्युटर सेंटर आहे. परीक्षेचे फॉर्म, लग्नपत्रिका, सातबारा, येईल ते करतो. वंशावळ कधी केली नव्हती. पण नानांनी विचारलं तेव्हा “होऊन जाईल ना,” म्हणालो. हे वाक्य ऐकलं की माझी बायको डोक्याला हात लावते.

काम असं होतं. नानांची द्वारकाआत्या अमरावतीला दिलेली. वय ऐंशीच्या पुढं. तिची एकच इच्छा: माहेर आणि सासर एकदा एका कागदावर पाहायचं. रविवारी दोन्ही घरं नेरला जमणार होती. शनिवारी यवतमाळला फ्लेक्स छापायचा होता. आणि आज शुक्रवार होता.

नेरची माहिती नानांच्या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये होती. अमरावतीची आत्याच्या मुलीच्या, सुमनताईंच्या, वेगळ्याच प्रोग्राममध्ये. दोन्ही एकत्र करायला मी तिसरा शोधत होतो. एकात जोडाक्षरं फुटत होती. दुसरा माहिती आनंदानं आत घ्यायचा, पण शेजाऱ्यानं नेलेल्या शिडीसारखी ती परत मिळेना. शेवटी एक बरा सापडला.

हे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते गेडकॉम नावाच्या फाइलमधून. साधी मजकुराची फाइल. प्रत्येक माणसाला एक नंबर, त्याचे आईबाप कोण, लग्न कोणाशी, एवढंच. दोन्हीकडून तशी फाइल काढली आणि नव्यात घातली. त्यानं विचारलं, या नोंदी एकाच माणसाच्या दिसतात, एक करू? खाली बटण होतं, ‘सगळ्यांना होय’. मी दाबलं. मला वाटलं, वेळ वाचला.

आता नानांच्या घरची रीत अशी, की नातवाला आजोबांचं नाव. नाना म्हणजे गणपत महादेव. त्यांचे आजोबा गणपत महादेव. आजोबांचे आजोबाही तेच.

“नाव एक असू द्या,” मी म्हणालो, “पण सगळ्यांची जन्मतारीख एक जुलै कशी?”

“माही शाळेत मास्तरनं एक जुलै लिहिली. आजोबाची कोणाले माहीत? रकाना रिकामा ठेवून कागद पुढं सरकत नसते दिलीप.”

“मग साल काहून नाही टाकलं?”

“खोटं कसं लिहू?” नाना दुखावले.

झालं. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. तीन गणपतांचा एक गणपत झाला आणि दोन महादेवांचा एक महादेव. गणपत महादेवचा मुलगा आणि महादेव गणपतचा.

“म्हणजे मी माह्याच बापाचा बाप?”

“सध्या तरी.”

“तरीच!” काकू हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या. “सोताशिवाय कोणाशी पटतच नाही यांचं!”

मूळ फाइली शाबूत होत्या. पुन्हा घातल्या. या वेळी एकेकाला ‘नाही’ म्हणत गेलो. पण छापल्यावर तीन गणपत ओळखायचे कसे? काकू घरी गेल्या आणि आत्यालाच घेऊन आल्या. ती सकाळच्याच बसनं आली होती. खुर्चीत बसून तिनं वरून खाली बोट फिरवलं.

“हा घोडीवाला गणपत. हा पोथीवाला, माहा बाप. अन् हा रडका.”

रडका म्हणजे नाना. टोपणनावाचा रकाना होताच. मी भरून टाकला.

“ते छापायची गरज नाही,” नाना ऑफिसच्या आवाजात म्हणाले.

मग मी सबंध चार्ट दाखवला. दोन झाडं उभी होती, नेरचं आणि अमरावतीचं. मध्ये एकही रेघ नाही.

“जोड कुठं आहे?” नानांनी विचारलं. जे वेगळे होते ते या प्रोग्रामनं एक केले होते, आणि जे जोडायचं ते त्याला दिसतच नव्हतं.

“मीच दोन जागी हावो ना बाप्पा,” आत्या म्हणाली. “माहेरची द्वारका. लग्नात नाव बदललं, सुशीला झाली.”

हे नानांना माहीत होतं, सुमनताईंनाही. पण एकानं द्वारका लिहिलं, दुसरीनं सुशीला. मला कोणी सांगितलं नाही, कारण घरात हे कोणी कोणाला सांगत नसतं.

“माहेरी म्हणत, तू आता तिकडची,” आत्या हसली. “सासरी म्हणत, तुमच्या नेरले असंच असते. हा कम्प्युटरबी त्याईच्यातलाच निघाला.”

मी दोन्ही चौकोन निवडले. प्रोग्रामनं विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? मी हात मागे घेतला. आत्यानं पोळीचा उंडा धरावा तसा माउस धरला. बाण ‘होय’वर न्यायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

“हो रे बाप्पा, मीच ते,” ती पडद्याला म्हणाली आणि दाबलं. दोन झाडं एकमेकांकडे सरकली आणि चिकटली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोटोकॉपीला आलेल्या गिऱ्हाइकानंही वाजवल्या.

रविवारी फ्लेक्स लागला. आत्या बरोबर मधोमध, दोन्ही नावांनिशी. तिनं त्याखालीच खुर्ची मांडून घेतली आणि दुपारभर उठली नाही. नानांच्या नावापुढं ‘रडका’ तसंच राहिलं होतं. पुसायचं मी विसरलो.

प्रोग्राम कोणताही घ्या. फक्त ‘सगळ्यांना होय’ दाबू नका. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेवटी नाही, आधी बोलवा.