फिल्टरच्या डब्यातला संसार

टेलरकाकूंना बंद वस्तू बंद ठेवणं कधी जमलंच नाही. शिलाई मशीन कुरकुरलं, की कारागिराला बोलावण्याआधी त्या स्वतःच त्याचं पोट उघडून बसत. त्यांची जुनी मोटार सिग्नलला थरथरून बंद पडू लागली, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "काकू, हवा घेणारा सगळा भागच बदलू."

"का? झालंय काय त्याला?"

"जुना झालाय."

"जुनी तर मीही झालेय," म्हणत त्या गाडी घरी घेऊन आल्या.

रविवारी सकाळी त्यांनी बॅटरीची वायर काढली. दुखरे गुडघे धरून खुर्चीत बसलेले काका म्हणाले, "अगं, परत जोडता येईल ना?"

"फोटो काढतेय सगळ्याचे. तुम्ही स्क्रू सांभाळा."

एअर फिल्टरच्या डब्याचे चाप निघाले. काकूंनी फिल्टर उचलला आणि त्या बघतच राहिल्या. खाली चिंध्यांचं घरटं! उंदराने थाटलेला संसार. मालक केव्हाच पसार झालेला. चिमट्याने एकेक चिंधी निघाली. जांभळी, ठिपक्यांची, गणवेशाची निळी.

"अहो, ही तर माझीच कात्रणं!"

"म्हणजे कच्चा माल घरचाच," काका खुदकन हसले.

फिल्टर कुरतडलेला होता. तो बदलायलाच हवा होता. पण काकूंचं कुतूहल आता कुठे जागं झालं होतं. त्यांनी पुढची रबरी नळी सोडवली. आत हवेची गोल झडप काजळीने काळीकुट्ट. पुसायला फडकं निवडताना मात्र त्यांनी चारपाच कापडं बोटांत चुरून पाहिली. आत एकही धागा सुटता कामा नये! फडक्यावर क्लीनर मारून त्यांनी झडपेच्या कडा हलक्या हाताने पुसल्या, पितळ चमकेपर्यंत.

नवा फिल्टर आणून बसवला, नळी आणि बॅटरीची वायर परत जोडून किल्ली फिरवली, तर इंजिन खोकलं, त्याने पांढरा धूर ओकला.

"गेली कामातून," काका पुटपुटले.

काकू श्वास रोखून ऐकत राहिल्या. मिनिटाभरात आवाज एकसारखा झाला. काकांच्या मांडीवरच्या ताटलीत एकही स्क्रू उरला नव्हता. त्यांनी ती उलटी करून दाखवली.

तोवर काकू टॉर्च घेऊन शिवणाच्या खोलीत पालथ्या पडल्या होत्या. कपाटामागे, पाइपाच्या भोकाशी, जांभळा धागा अडकला होता.

"सापडला उंदराचा रस्ता!" त्या ओरडल्या. "अहो, या ना बघायला!"

काका गुडघे विसरून उठले.