पाण्याच्या पाळ्यांचा प्रोग्राम

संगणक शिक्षणामुळे दुर्गम भागातल्या मुलांच्या जीवनात आमूलाग्र बदल घडतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे, एका आश्रमशाळेच्या मैदानावर हा बदल घडला. संगणक त्या वेळी बंद होता.

मी तिथे गणित शिकवत होतो. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती आणि मुंबईच्या एका संस्थेनं शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांना मोफत संगणक शिक्षण द्यायचं मनावर घेतलं होतं. आमच्या वाट्याला कोणा कचेरीत वापरून झालेला एक संगणक आणि करवतीसारखा आवाज करणारा एक प्रिंटर आला. संगणक शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला ठाण्याला मला पाठवलं, कारण बाकीच्या शिक्षकांनी माझ्या आधी नकार दिला होता.

संगणक आला त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवला. आता काही मोडलं तर त्यांना लेखी उत्तर द्यावं लागणार होतं. त्यामुळे न मोडण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय त्यांनी केला: खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. त्यांच्या घरून संगणकासाठी झालर लावलेलं, गुलाबाची फुलं भरलेलं आवरणही शिवून आलं. आठवड्यातून एकदा, वीज असेल तर, मुलं चपला बाहेर काढून आत जात आणि हाताची घडी घालून त्या आवरणाकडे बघत. मुख्याध्यापक ते वर उचलून दाखवत आणि पुन्हा खाली सोडत.

त्यामुळे मी संगणक मैदानावर शिकवायला लागलो. प्रत्येक मुलाच्या हातात पाटी. पाटी म्हणजे एक डबा, त्यात एका वेळी एकच आकडा मावतो. एक मुलगी उंबराखाली उभी राही, ती म्हणजे ‘जर’. आकडा घेऊन येणाऱ्याला ती अट विचारी आणि उजवीकडे किंवा डावीकडे पळवी. एक जण वहीतला प्रोग्राम ओळीनं मोठ्यानं वाचे आणि बाकीचे तसं करत. नियम एकच होता: डोकं चालवायचं नाही. डोकं चालवणारा बाद. वर्गातली हुशार मुलं यात सपाटून मार खात, कारण त्यांना उत्तर आधीच कळे आणि ती तिकडे धावत सुटत.

या खेळात नववीतली एक मुलगी सगळ्यांत तयार होती. पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, अंगानं उंच. तिचं उंच असणं या हकीकतीत महत्त्वाचं आहे.

मुलामुलींच्या दोन्ही वसतिगृहांचं पाणी खालच्या विहिरीवरून आणावं लागे. रोज सकाळी आठ मुली हंडे घेऊन जात. कोणी जायचं ते अधीक्षिका बाई ठरवत आणि त्यांची पद्धत अशी, की ओसरीत उभं राहून ज्या दिसतील त्यांना हाक मारायची. ही मुलगी कुठूनही दिसे.

“बाई, काल पण मीच गेले ना,” ती म्हणे.

“मग काय झालं गं? वाट पाठ झाली असेल तुला.”

एक दिवस ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिनं पाळ्यांचा प्रोग्राम लिहिला होता. हजेरीच्या क्रमांकानं रोज आठ जण घ्यायचे, आजारी असेल त्याला ओलांडून पुढचा घ्यायचा, त्याची पाळी बुडवायची नाही, शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. मी तो दोनदा तपासला. गणितात चूक नव्हती.

आम्ही वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली.

“हाताने काय, कोणीही लिहील,” ते म्हणाले. “यादी छापून आली तर बघू. छापील कागदावर मी सही करतो.”

“मग खोली उघडा की सर,” मुलगी म्हणाली.

“उद्‌घाटन व्हायचंय अजून.”

संगणक येऊन आठ महिने झाले होते, पण उद्‌घाटन झालेलं नव्हतं हे खरं होतं. संस्थेचे अध्यक्ष पुढल्या गुरुवारी येणार होते. त्यांच्या हस्ते फीत कापली गेली, की त्यांच्याच समोर मुलीनं प्रोग्राम चालवायचा आणि यादी छापायची असं ठरलं. त्या आठवड्यात ती दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊनसुद्धा तोंडानं प्रोग्राम म्हणत चालायची. तिला ती यादी भिंतीवर हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

गुरुवारी आमच्या भागात अकराला वीज जाई. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पाहुण्यांना नवाची वेळ दिली होती. पाहुणे आधी मुरबाडला एक फीत कापून, किन्हवलीवरून, पावणेअकराला पोचले. मग स्वागतगीत झालं. मग शाल, नारळ, रोप. मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

“हा संगणक नाही,” ते म्हणाले, “ही ज्ञानाची गंगा आहे. ती आज तुमच्या दारात आली आहे.”

विहिरीवरून सकाळीच पाणी आणलेल्या आठ मुलींनी टाळ्या वाजवल्या.

गंगा दारात येऊन थोडा वेळ थांबली, मग अध्यक्षांनी फीत कापली, आवरण उचललं, बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि पंखा थांबला. अकरा वाजले होते.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही वीज मंडळ माझ्या मामाचं आहे. मुलगी वही छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पाहून मी जे बोललो ते एरवी बोललो नसतो.

“साहेब, प्रोग्राम मैदानावर दाखवू का?”

“कार्यक्रम? अवश्य!” अध्यक्ष म्हणाले. खुर्च्या बाहेर आल्या.

मुलं आपापल्या जागी उभी राहिली. ‘जर’ उंबराखाली गेली. मुलीनं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. पाट्या पुसल्या गेल्या, आकडे पळाले, आजारी क्रमांक उंबराकडून परत फिरला, पुढचा क्रमांक धावत आला, गोल फिरून पुन्हा पहिल्या डब्याशी पोचला. तीन दिवसांच्या पाळ्या बिनचूक निघाल्या. एकानंही डोकं चालवलं नाही. मला भरून आलं.

अध्यक्ष पहिल्या फेरीपासून टाळ्यांनी ताल धरत होते.

“अप्रतिम,” ते म्हणाले. “ही कला जपली पाहिजे. कापणीच्या वेळचं नृत्य का हे?”

“हो साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले.

“ढोल मात्र हवा होता.”

“पुढच्या वेळी ठेवतो साहेब.”

मुलगी माझ्याजवळ आली. “सर, ते काय बोलले? नाचलो आमी?”

“असं वाटलं त्यांना.”

“आन् यादी?”

यादी पाटीवर होती, छापील नव्हती. जीप धूळ उडवत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ओसरीतून पहिली हाक तिलाच मारली.

ती रडली वगैरे नाही. हंडा ठेवला आणि संगणकाच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली. तासाला बोलावलं तरी उठेना.

“ऊठ गो, सर ओरडतील,” मैत्रिणी म्हणाल्या.

“ओरडू दे. उद्‌घाटन झालंय आता.”

मुख्याध्यापकांनी हे ऐकलं. दुपारी वीज आली तेव्हा त्यांनी जानव्याची किल्ली काढली आणि स्वतः आवरण उचलून उभे राहिले. मुलीनं ‘जर’च्या जागी मी सांगितलेले इंग्रजी शब्द घालत, एकेक अक्षर शोधत प्रोग्राम भरला. पहिल्यांदा यंत्रानं चूक दाखवली. एक ओळ वहीतून उतरवायची राहिली होती. ती भरल्यावर प्रिंटर करवतू लागला आणि महिनाभराच्या पाळ्या कागदावर आल्या. त्या संगणकाला मराठी येत नव्हती, त्यामुळे यादीत नावं नव्हती, फक्त हजेरीचे क्रमांक होते. मुख्याध्यापकांनी कागद उजेडात धरला, छापील असल्याची खात्री केली, सही केली आणि शिक्का मारला.

यादी भिंतीवर लागली. बाईंनी शाळेचा हजेरीपट आणला आणि क्रमांकांवरून बोट फिरवलं. पहिल्या आठांत पाच मुलगे होते.

“अगं ए,” त्या ओरडल्या, “मुलांना कशाला घेतलंस?”

“हजेरीवर जेवढे हायत तेवढे घेतले, बाई. पाणी समदेच पितात ना?”

मी तो प्रोग्राम दोनदा तपासला होता आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी गणितच तपासलं होतं.

मुलग्यांच्या वसतिगृहात गोंधळ उडाला. मुख्याध्यापकांना यादी मागे घ्यायची होती, पण ती छापील होती, खाली त्यांची सही होती आणि शिक्का गोल उमटला होता. दुसऱ्या दिवशी पाच मुलगे हंडे घेऊन विहिरीकडे उतरले. येताना वाटेत निम्मं पाणी सांडलं. दोघांनी घरी सांगितलं. एकाचे वडील ग्रामपंचायतीत सदस्य होते. ते शाळेत आले, यादी वाचली, विहिरीपर्यंत चालत गेले आणि धापा टाकत परत आले. महिनाभरात वसतिगृहाच्या मागे हातपंप बसला.

पाळ्या बंद झाल्या. अध्यक्षांना आमचं नृत्य इतकं आवडलं होतं, की संस्थेनं मुरबाडच्या आणखी दोन शाळांना संगणक दिले आणि शनिवारी ‘तेच’ शिकवायला मला पाठवलं. वर्षअखेरीला संस्थेचा छापील तक्ता आला. ‘संगणक शिक्षणाचे फलित’ या रकान्यात मी ‘हातपंप’ असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते खोडून ‘समाधानकारक’ लिहिलं.