पाटात धुतलेले पाय

केळव्याच्या पानवाड्यांतली ती मूळकूज आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा नवी कृषी सहायक, साताऱ्याकडची, पानवेल पुस्तकातच पाहिलेली. वेली मलूल होऊन पिवळ्या पडत होत्या, जमिनीलगतचं खोड काळं होऊन कुजत होतं. रोग शेजारची वाडी सोडून भलत्याच वाडीत उगवायचा. "वाडीत कोण आलं होतं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "कोन नाय." रोज येणारे-जाणारे शेजारी वाडीवाल्यांच्या लेखी कोणी नव्हतेच! कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

नवरा गेल्यापासून एकटीनं वाडी करणाऱ्या एक काकी होत्या. त्यांची वाडी अजून हिरवीगार होती. "एवडी राख गं बाय," त्या म्हणाल्या होत्या, "माजं दुसरं काय नाय." ती वाचवायचीच, असं मी मनाशी धरलं.

एका सकाळी त्यांची शेजारीण आली. तिनं चपला काढल्या, वाडीत पाणी नेणाऱ्या पाटात खळखळून पाय धुतले आणि आत गेली. पानवेल सोवळ्याची, तिथं मळक्या पायांनी कोणी शिरत नाही. पण तेच पाणी पुढे प्रत्येक वेलीच्या बुडाशी जात होतं, दुसऱ्या वाडीतली माती घेऊन. आणि मी? रोगट वाड्या तपासून मीही रोज तिथंच पाय धुतले होते. "सरकारी असून रीत पाळते," म्हणत काकींनी कौतुकानं चहा पाजला होता. कुंपणानंच शेत खाल्लं.

मी फाटकाबाहेर पाय बुडवायला बुरशी मारणाऱ्या मोरचुदाच्या पाण्याची बादली ठेवली. लोक तिला वळसा घालून पाटाकडे जात. आठवड्यात काकींची पहिली ओळ पिवळी पडली. आम्ही वेली उपटून जाळल्या, तरी दुसरी गेली.

"काकी, हे माझ्या पायांनी आलं," मी सांगून टाकलं.

त्यांनी कुजलेली एक वेल उपटून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "कोनाला सांगू नको. नोकरी जायील तुजी."

दुसऱ्या दिवशी चार बाया चौकशीला आल्या. मी पाटाचं सांगायला तोंड उघडलं, तोच काकी मध्ये पडल्या, "बोईसरच्या कंपन्यांचा धूर गं. ही बाय काय करील त्याला?"

बायांना ते लगेच पटलं. त्या हळहळल्या, पाटात पाय धुतले आणि माझ्यादेखत एकेक करून उरलेल्या हिरव्या वेलींत शिरल्या.